जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमधले मोठे बेसवादक: कोणाकडून नेमकं काय उचलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षं बेस गिटार वाजवतोय, बँडमध्ये रॉकची गाणी बसवतो. सगळे सांगतात, जाको ऐक, ख्रिस स्क्वायर ऐक, मिंगस ऐक. ऐकले. वेग कळला, पण हे लोक मोठे का ते कळलं नाही, आणि निम्म्या वेळा तर बेस ऐकूच येत नाही. सुरुवात कोणापासून करू? पाच तारांचा बेस घेऊ का?

नावांची यादी कुठेही मिळेल, त्यामुळे ती नुसती वाढवण्यात अर्थ नाही. तुमची खरी अडचण अशी आहे की बेसमध्ये ऐकायचं काय हे कोणी सांगितलेलं नाही. गिटारवाल्याला किंवा सॅक्सोफोनवाल्याला आपण त्याने कोणता स्वर घेतला आणि केव्हा घेतला यावर जोखतो. बेसवाल्याच्या बाबतीत तिसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची असते: तो स्वर संपतो कुठे. स्वर पुढच्याला जाऊन टेकला तर ठेका चालू लागतो. मध्ये बारीक फट राहिली तर तोच ठेका उड्या मारतो. जॅझचा पॉल चेंबर्स आणि रॉकचा ख्रिस स्क्वायर यांच्या संगीतात काही म्हणजे काही साम्य नाही, पण स्वर किती वेळ जिवंत ठेवायचा यावर दोघांचा ताबा सारखाच पक्का आहे. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात कोणापासून करायची हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा ड्रमर हलक्या हाताने झांज चालवणारा आहे की किक ड्रम दणकावणारा, तुम्ही बोटांनी वाजवता की पिकने, कॉर्डची नावं वाचून त्यातले स्वर शोधता येतात की टॅबशिवाय (तार आणि बोटाची जागा आकड्यांत लिहिलेल्या सारणीशिवाय) चालत नाही, यावर क्रम बदलतो. प्रश्नात रॉक बँड आहे म्हणून मी चार तारांचा, फ्रेटवाला (मानेवर धातूच्या आडव्या दांड्या असलेला) बेस आणि बोटांनी वाजवणं गृहीत धरतो.

आधी ऐकू न येण्याचं बघू. बेसची सगळ्यात खालची ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर असते, ए ५५ वर. फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोहोचतच नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे अंश, आणि ते गिटार-पियानोच्या गर्दीत हरवतात. कान झाकणारे हेडफोन घ्या, त्यावर बेस वाढवणारी सोय असेल तर बंद करा, कारण तिने सगळा खालचा भाग एकसारखा फुगतो आणि स्वराचा शेवट पुसला जातो. गाण्याचा वेग ७० टक्क्यांवर आणा आणि सूर एक सप्तक वर चढवा. हे करणारी फुकट सॉफ्टवेअर भरपूर आहेत. सप्तक चढलं की बेसची ओळ चेल्लोसारखी समोर येऊन उभी राहते. साठच्या दशकातल्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं पुष्कळदा एकेका बाजूला ढकललेली असतात, तेव्हा एक कान काढून बघा, मग दुसरा.

जॅझमध्ये मी पहिलं नाव पॉल चेंबर्सचं घेतो. मिंगस किंवा स्कॉट लाफारो नंतर. माइल्स डेव्हिसचा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ चा, त्यातलं पहिलंच 'सो व्हॉट'. इथे मुख्य धून बेसच वाजवतो, बाकीचे वादक दोन कॉर्ड वाजवून उत्तर देतात. रचना ३२ बारांची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा खंड): १६ बार डी डोरियन ही स्वरमालिका, ८ बार अर्धा स्वर वर ई-फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ बार डी. कॉर्ड जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे चेंबर्स काय करतोय ते लपत नाही. धून संपली की तो प्रत्येक मात्रेला एक स्वर असा चालू लागतो. हेच ते वॉकिंग. तेव्हा त्याचं वय २३. ऐकताना बारामागून बार एकच प्रश्न विचारा: चौथ्या मात्रेचा स्वर पुढच्या पहिल्या मात्रेपर्यंत पोहोचला का? त्याचा पोहोचतो, जवळजवळ प्रत्येक वेळी.

आता हेच हातात घेऊ. कॉर्ड असे: एक बार डी मायनर सेव्हन, एक बार जी सेव्हन, एक बार सी मेजर सेव्हन, आणि परत डी. पहिला बार: डी, सी, ए, ए-फ्लॅट. म्हणजे ए तारेचा पाचवा फ्रेट, तिसरा फ्रेट, मग ई तारेचा पाचवा, चौथा. दुसरा बार: जी, बी, डी, डी-फ्लॅट. ई तारेचा तिसरा, ए तारेचा दुसरा, पाचवा, चौथा. तिसरा बार: सी, ई, जी, ई-फ्लॅट. ए तारेचा तिसरा, डी तारेचा दुसरा, पाचवा, आणि ए तारेचा सहावा. तिथून पाचव्यावर उतरलात की पुन्हा डी. प्रत्येक बारातली पहिली मात्रा कॉर्डचा मूळ स्वर सांगते आणि चौथी मात्रा पुढच्या मूळ स्वराच्या अर्धा स्वर वर उभी आहे. ए-फ्लॅट डी मायनरमध्ये बसत नाही, डी-फ्लॅट जी सेव्हनच्या स्वरसप्तकातला नाही, तरी कानाला खटकत नाहीत, कारण ते कुठे निघालेत हे कानाला आधीच कळतं. मधल्या दोन मात्रांमध्ये कॉर्डमधलं काहीही चालतं.

स्वर बरोबर आले तरी पहिल्या आठवड्यात हे चालल्यासारखं वाटत नाही, अडखळल्यासारखं वाटतं. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: डावा हात जागा बदलायच्या आधीचा स्वर छोटा पडतो. मेंदू पुढच्या फ्रेटवर पोहोचलेला असतो आणि बोट अर्धी मात्रा आधीच उचललेलं असतं. उपाय दोन. पहिला, उजव्या हाताचं बोट पुढची तार छेडेपर्यंत डावं बोट दाबलेलंच ठेवायचं, अगदी ६० च्या लयीत, कंटाळा येईपर्यंत. दुसरा, हात सरकवायची वेळ मोकळ्या तारेवर टाकायची. वरच्या उदाहरणात शेवटचा ई-फ्लॅट डी तारेच्या पहिल्या फ्रेटवर घेतलात आणि मग मोकळी डी वाजवलीत तर ती घुमत असताना हात कुठेही नेता येतो. कॉन्ट्राबासवाले (उभा, मोठा बेस वाजवणारे) हे सर्रास करतात. त्या वाद्यावर तारेची लांबी साधारण ४१-४२ इंच असते, आपल्या ३४ इंचांच्या तुलनेत हात फार लांब न्यावा लागतो.

मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. म्हणजे तुमची लय १२० झाली. फोनवर नको, केबल थेट कॉम्प्युटरला लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि लाटांचं चित्र बघा. कान खोटं बोलेल, पण स्वरांमधल्या फटी चित्रात सरळ दिसतात.

चेंबर्स हाताखालून गेला की रॉन कार्टर. १९६३ ते ६८ तो माइल्स डेव्हिसकडे होता आणि ड्रमवर टोनी विल्यम्स. ड्रमर इतका मोकाट सुटलेला असताना खालची जमीन कशी सांभाळायची, आणि कधी मुद्दाम सांभाळायची नाही, ते इथे कळतं. कार्टरच्या नावावर २,२०० हून जास्त रेकॉर्डिंग्ज आहेत. एवढ्या वेळा एखाद्याला बोलावतात ते सोलोसाठी नाही. लाफारो त्यानंतर ऐका. बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं २५ जून १९६१ चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग. तिथे बेस पियानोला टेकू देत नाही, गप्पा मारतो. त्यानंतर अकरा दिवसांनी, २५ व्या वर्षी, लाफारो मोटार अपघातात गेला. त्याची नक्कल आत्ता करू नका. चाल पक्की नसताना गप्पा मारायला गेलात तर बँडचा तळ निसटतो. मिंगसबद्दल एवढंच: त्याला बेसवादक म्हणून ऐकायला गेलात तर अर्धाच मिळेल, 'मिंगस आह अम' रचनाकाराचा म्हणून ऐका.

जाको पास्टोरियस. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीची नक्कल याचीच होते. लोकांना वाटतं जाको म्हणजे फ्रेटलेस. १९६२ चा फेंडर जॅझ बेस, फ्रेट काढलेले, खाचा भरून फिंगरबोर्डवर बोटीला लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर, त्यावर राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत) तारा. हे सगळं खरं आहे. पण तो आवाज मुख्यतः उजव्या हाताच्या जागेतून येतो. पुलाजवळचा (तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळचा) पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारा चुंबकी भाग, पूर्ण उघडा, मानेजवळचा जवळजवळ बंद, आणि बोटं त्या मागच्या पिकअपवरच. तिथे तार ताठ असते, स्वराचा पहिला क्षण टोकदार येतो आणि खालचा घुमारा कमी होतो. तुमच्याकडे फ्रेटवाला जॅझ बेस असेल तर आत्ता एवढंच करून बघा, निम्मा रस्ता तिथेच कापला जातो.

उरलेला निम्मा रस्ता मुक्या स्वरांचा. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बममधली जलद ओळ मंद करून ऐका: मात्रेचे चार भाग पाडलेत, चारही भागांत बोट तारेवर पडतंय, पण त्यातले एक-दोन स्वर नुसते 'टक' आहेत. डावं बोट तारेला टेकलंय, फ्रेटपर्यंत दाबलेलं नाही. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा, स्वर कुठे संपतो. सरावासाठी एकच स्वर घ्या, लय ७०, मात्रेला चार. पहिला पूर्ण, बाकी तीन मुके. मग पहिला आणि चौथा पूर्ण. मग पूर्ण स्वर एकेक घर सरकवत न्या. मुका स्वर 'टक' ऐवजी शिटीसारखा वाजला तर तुमचं एकच बोट नेमकं हार्मोनिकच्या जागेवर टेकलंय. दोन बोटं सपाट टेकवा, शिटी जाते.

हार्मोनिकचा विषय निघालाच आहे तर 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी'. त्यातले घंटेसारखे स्वर तारेला नुसता स्पर्श करून काढलेत. बाराव्या, सातव्या, पाचव्या फ्रेटवर सगळ्यांना जमतं. अडतं ते चौथ्याजवळ. तारेचा पाचवा भाग जिथे येतो ती जागा चौथ्या फ्रेटच्या दांडीवर नसते, किंचित मागे, ३.९ च्या आसपास असते. सहाव्या भागाची जागा ३.२ जवळ. दांडीवर बोट ठेवून 'येत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. बोट सूतभर मागे घ्या, लगेच छेडा, लगेच उचला. हा पाचव्या भागाचा स्वर म्हणजे तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधारच. तो पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. त्यामुळे कीबोर्डवाल्यासोबत वाजवताना हा हार्मोनिक थोडा बेसूर वाटला तर वाद्य बिघडलेलं नाही.

फ्रेटलेसचा मोह होईलच, तर काही गोष्टी. फ्रेट काढायचे असतील तर सोल्डरिंग आयर्नने तापवून काढा, थंड ओढलेत तर लाकडाचे कपचे निघतात. खाचा व्हिनियरने, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्टीने, भरल्याच पाहिजेत, रिकाम्या सोडल्या तर मान पुढे, तारांच्या बाजूला वाकते. आणि इपॉक्सीचा थर नसेल तर राउंडवाउंड तारा लावू नका, त्या उघडा रोझवूड खाऊन टाकतात, फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावा. बोट फ्रेटच्या मागे ठेवायची सवय मोडून थेट रेघेवर ठेवायचं. तानपुऱ्याचं अॅप डी वर लावून सावकाश वाजवणं हा सुराचा सगळ्यात चांगला सराव, फक्त लक्षात ठेवा की तिथे जुळलेला गंधार बँडमध्ये किंचित चढवून घ्यावा लागतो.

आता प्रोग. ख्रिस स्क्वायर आणि 'येस'चा १९७१ चा 'फ्रॅजाइल'. 'राउंडअबाउट' सगळ्यांना माहीत असतं, पण 'द फिश' ऐका: सात मात्रांवर एकावर एक चढवलेले थर, आणि ते सगळे बेसचे. रिकनबॅकर, राउंडवाउंड तारा, आणि पिक. पिकच्या पाठोपाठ अंगठ्याची कडही तारेला लागते, त्यामुळे स्वराच्या तोंडाशी एक करकरीत चावा येतो. डाव्या हाताने तो स्वर लगेच आखूड केला जातो. म्हणून इतके स्वर असूनही किक ड्रमला जागा उरते.

हा आवाज काढताना लोक डिस्टॉर्शनचा पेडल पूर्ण बेसला लावतात आणि मग तक्रार करतात की बँडमध्ये बेस गायब झाला. होणारच, कारण डिस्टॉर्शन खालच्या भागालाही दाबून टाकतं. रिकनबॅकरच्या स्टिरिओ मॉडेलमध्ये दोन पिकअप दोन वेगळ्या अॅम्पना नेता येतात, तोच विचार तुम्ही एका वाद्यावर करू शकता. सिग्नल दोन करा. एकातून २५० हर्ट्झच्या वरचं कापा, तो स्वच्छ ठेवा. दुसऱ्यातून २५० च्या खालचं कापा आणि त्यालाच करकर द्या. आधी स्वच्छ भाग बँडमध्ये पुरेसा करा, मग करकरीचा भाग हळूहळू वर आणा आणि ऐकू येऊ लागल्यावर थोडा मागे घ्या. कॉम्प्युटरवर करत असाल तर एक सापळा आहे: एक बाजू दुसरीपेक्षा २ मिलिसेकंद जरी मागे पडली तरी नेमका २५० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना कापतो आणि आवाज पोकळ होतो. एका बाजूचा फेज उलटा करून बघा. ज्यात जास्त भरीव वाटेल ते ठेवा.

विषम मात्रांची भीती आपल्याकडे असायचं खरं तर कारण नाही. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा लहानपणापासून कानावर असतात. सुरुवात पिंक फ्लॉइडच्या 'मनी'पासून करा, सात मात्रा, बेसची ओळ ३ अधिक ४ अशी मोजा. गिटारच्या सोलोला ते चारात जातात, तिथे बरेच बँड पडतात. रूपकाशी मोजणी जुळते म्हणून वजनही तेच समजू नका. रूपकात समेवरच काल (टाळीऐवजी खाली) असतो, इथे पहिल्या मात्रेवर सगळ्यात मोठा दणका आहे.

त्यानंतर रशचं 'वायवायझेड', १९८१, बेसवर गेडी ली. टोरांटोच्या विमानतळाची ही अक्षरं मोर्समध्ये वाजवली आहेत. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड. आखूडला १ आणि लांबला २ धरलं तर वाय होतो २+१+२+२, म्हणजे ७. पुन्हा वाय, ७. झेड २+२+१+१, म्हणजे ६. एकूण २० सोळांश, म्हणजेच पाच मात्रा. पाच मोजत वाजवायला गेलात तर गोंधळ होईल, कारण दुसरा वाय मात्रेवर सुरू होत नाही. अक्षरं म्हणत वाजवा: 'दा-दि-दा-दा, दा-दि-दा-दा, दा-दा-दि-दि'. टाळी पाचाची, तोंडात अक्षरं. कोन्नकोल (तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची दक्षिणी पद्धत) शिकलेल्यांना हे चटकन जमतं. मुंबईच्या मोहिनी डेचं वाजवणं ऐका, बोल आणि बेस एकत्र चालतात म्हणजे काय ते समजेल.

किंग क्रिम्सनमध्ये दोन टोकं आहेत. 'रेड', १९७४, जॉन वेटन: 'स्टारलेस'च्या मधल्या तेरा मात्रांच्या भागात गिटार एकाच स्वरावर अडून बसते आणि सगळी हालचाल बेस करतो. दुसरं टोक 'डिसिप्लिन', १९८१, टोनी लेव्हिन. तिथे तो बऱ्याचदा चॅपमन स्टिक वाजवतो, दोन्ही हातांनी तारांवर बोटं आपटून. याच लेव्हिनने ड्रमच्या काठ्यांचे तुकडे बोटांना बांधून बेस वाजवला. छेडण्याऐवजी आपटलं की स्वराचं तोंड बदलतं आणि शेपूट लगेच तुटतं. तो दर गाण्याला आधी स्वराची लांबी ठरवतो आणि मग हत्यार निवडतो असं वाटतं.

क्रम एवढाच: चेंबर्स दोन महिने, 'मनी' आणि 'वायवायझेड'ची नुसती मोजणी त्याच काळात, मग जाकोचे मुके स्वर, स्क्वायर तुमच्या बँडच्या गाण्यांना लागेल तेव्हा. एका वेळी एकाच वादकाची एकच गोष्ट उचला.

पाच तारांचं. जाको, स्क्वायर, गेडी ली यांचं वर सांगितलेलं काम चार तारांवरचं आहे, त्यामुळे त्यासाठी पाचवी नको. आहे तोच बेस नीट लावून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तारेखाली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेराच आवळा, तासाभराने पुन्हा मोजा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मान हमखास हलते, तेव्हा जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये असं दोनदा बघावं लागतं. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची २ ते २.५ मिलिमीटर.

तुमचा बँड गाणी डी किंवा सी वर उतरवून वाजवत असेल तर मात्र पाचवी तार सोयीची आहे. दुकानात अॅम्पला न लावता आधी नुसती बी तार वाजवा, मोकळी, मग पाचव्या फ्रेटवर, मग बाराव्याच्या वर. ३१ हर्ट्झची तार आहे ती. स्वस्त वाद्यात बाराव्याच्या वर गढूळ होते आणि कोणता स्वर आहे हेच कळत नाही. तसं झालं तर ३५ इंची मानेचा मागून तोच प्रयोग पुन्हा करा, तोही गढूळ निघाला तर पैसे खिशातच ठेवा.